बाटली आडवी होते, आमदार होत नाही

मतदारांच्या कौलाचा आदर करा असं ठळक अक्षरात लिहिलेलं एक निवेदन सध्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय. लिंक उघडायची, नाव टाकायचं, ईमेल टाकायचा, पिनकोड टाकायचा, बटण दाबलं की झाली सही. निवेदन कोणाला, तर "सर्वपक्षीय नेतृत्वास". मागणी काय, तर नैतिकता पाळावी आणि जनतेचा विश्वासघात करू नये. मग थँक्यूचा मेसेज येतो आणि लगेच विचारतात की अजून दहा जणांना पाठवणार का. मी काही सही केलेली नाहीये, त्यावरून बी विंगमधल्या काकांनी ग्रुपवर टॅग करून "ताई तुमचं नाव दिसलं नाही यादीत" असं विचारून पण झालंय. आता ग्रुपवर सविस्तर लिहायची सोय नाही, तिसऱ्या वाक्याला कोणीतरी विचारतंच की म्हणजे तुम्ही कोणत्या गटाच्या. म्हणून इथे लिहितेय.

आधी सांगते, वैताग मलाही आहे. कोणाला नाहीये? २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत महाराष्ट्रात जे काय झालं ते एखाद्या परदेशातल्या माणसाला समजावून सांगायचा प्रयत्न करून बघा, माझ्या जर्मनीत राहणाऱ्या चुलतभावाने मध्येच हात जोडले. पण निवेदनात "कौल" म्हणतात तो नक्की कुठला, हे कोणी लिहिलेलंच नाही. २०१९ ला भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा होत्या. भाजप-शिवसेना युतीचे मिळून १६१ होत होते आणि बहुमताला १४५ लागतात, म्हणजे ज्यांनी युती म्हणून मत दिलं त्यांच्या मते कौल तिथेच संपला. मग मुख्यमंत्रीपदावरून फाटलं, राष्ट्रपती राजवट आली, २३ नोव्हेंबरला पहाटे फडणवीस-अजितदादांचा तो शपथविधी झाला, चार दिवसांत ते सरकार गेलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचं दुसरंच सरकार आलं. तेव्हा चिडलेले लोक वेगळे होते. जून २०२२ ला शिंदे आमदार घेऊन सुरत-गुवाहाटीला गेले तेव्हा चिडलेले वेगळे. २ जुलै २०२३ ला अजितदादा सरकारात गेले तेव्हा अजून तिसरेच. आमच्या ग्रुपवर बघा ना, २०१९ ला ज्यांनी गद्दारी गद्दारी म्हणून स्टेटस ठेवले ते २०२२ ला "राजकारणात चालतं" म्हणत होते, आणि उलटही तेवढंच खरं.

आपण मत देतो तेव्हा त्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. बस. मत का दिलं, कोणाच्या भरवशावर दिलं, कोणासोबत जाऊ नको म्हणून दिलं, यातलं काहीच तिच्यावर छापलेलं नसतं. त्यामुळे निकालानंतर जो तो उठतो आणि जनादेश आम्हालाच आहे म्हणतो, आणि कोर्टसुद्धा त्यात पडत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये निकालानंतरच्या आघाडीविरुद्ध, म्हणजे युती म्हणून मतं घेतली आणि दुसऱ्यांबरोबर सरकार केलं याविरुद्ध, सुप्रीम कोर्टात याचिका झाली होती. कोर्टाने ऐकून घ्यायलाच नकार दिला, कोणी कोणाशी आघाडी करावी हे आमचं काम नाही म्हणून. मला हे पटतं खरं तर. उद्या न्यायाधीश ठरवायला लागले की तुमच्या मताचा अर्थ काय, तर ते अजूनच अवघड होईल.

अजितदादांच्या त्या शपथविधीनंतर जुलै २०२३ मध्ये मनसेने "एक सही संतापाची" नावाची मोहीम केली होती, आठवतंय? चौकाचौकात मोठे फलक लावले होते आणि लोक मार्करने सह्या करत होते. संताप खरा होता. पण तो फलक घेऊन जायचं कुठे? कुठल्या खिडकीत द्यायचा, कोणी मोजायचा, मोजल्यावर काय व्हायचं? कायद्यात त्याला जागाच नाही. आमच्या ग्रुपवरच्या लिंकचं तेच आहे, फक्त मार्कर नाहीये.

आता मी तुम्हाला अशी सही सांगते जिला जागा आहे. माझी मावशी सातारा जिल्ह्यात एका गावात असते, गावाचं नाव लिहीत नाही. तिथे स्टँडजवळ देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं, शाळा सुटायच्या वेळेला तिथून पोरींना जाणं नको व्हायचं. बायकांनी ते दुकान बंद पाडलं, मोर्चा वगैरे नाही, मतदानाने. राज्य सरकारचा २००८ चा आदेश आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करायची मागणी केली की प्रशासनाला त्या सह्या तपासाव्या लागतात, आणि तपासणीत आकडा टिकला तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. जावळी तालुक्यात बायकांनी असं बरंच केलंय, तिथलं बघूनच मावशीच्या गावात विषय निघाला.

यात ऐकायला सोपं वाटतं पण "एकूण महिला मतदारांपैकी" हा शब्दप्रयोग फार वाईट आहे हो. झालेल्या मतदानाच्या निम्मे नाही, यादीतल्या नावांच्या निम्मे. यादीत कोण कोण असतं? लग्न होऊन गेलेल्या मुली, ज्यांचं नाव माहेरच्या यादीतून कोणी काढलेलंच नाही. कामाला पुण्या-मुंबईला गेलेल्या सुना. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या. आणि वारलेल्या. जी आली नाही तिचं मत हिशोबात उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. मावशी म्हणते, मेलेल्या बायका पण दुकानवाल्याच्या बाजूने होत्या. मग यांनी काय केलं तर यादी घेऊन घरोघरी बसल्या आणि लग्न होऊन गेलेल्या एकेका पोरीला फोन लावले, मतदानाच्या दिवशी माहेरी ये म्हणून, ओटी भरायची असल्यासारखं आमंत्रण. सह्यांच्या पडताळणीच्या दिवशी वेगळीच तऱ्हा, साहेब येणार म्हणून सांगितलेलं आणि नेमकी भांगलणीची घाई, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवून ग्रामपंचायतीसमोर ओळखपत्र घेऊन उभं राहायचं आणि समोर पारावर दुकानवाल्याची माणसं बसलेली, कोण कोण येतंय बघत. काही जणींनी अर्जावर सही केलेली आणि तपासणीला अंगठा, काहींचं अर्जावर सासरचं आडनाव आणि कार्डावर माहेरचं. त्यातली काही नावं गेलीच. तरी आकडा टिकला. मतदान झालं आणि बाटली आडवी झाली. नंतर चोरून विक्री सुरू झाली का, तर झाली, ते काय मतदानाने थांबत नाही, त्यासाठी मावशी आणि तिच्या मैत्रिणी अजून पोलीस चौकीत भांडत असतात. पण ते बोर्ड लावलेलं, परवाना भिंतीवर टांगलेलं दुकान गेलं.

मी त्या मतदानाच्या हिशोबाचा विचार करत बसले होते. एका देशी दारूच्या दुकानाचा परवाना जाण्यासाठी यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. आमदार व्हायला काय लागतं, तर बाकीच्यांपेक्षा एक मत जास्त. चौरंगी लढत झाली तर तीस-पस्तीस टक्क्यांत पण येतो, ते पण झालेल्या मतदानातले. आणि तो निवडून आल्यावर कुठेही गेला तरी त्याला आडवं करायची पाच वर्षं काहीच सोय नाही.

नाही कशी, पक्षांतरबंदी कायदा आहे ना, असं काका म्हणतीलच. आहे. १९८५ ला घटनेत दहावी अनुसूची घातली, हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने १९६७ ला पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला तेव्हापासून जो आयाराम गयाराम चालू होता तो थांबवायला. आधी त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर फूट म्हणून माफ होतं. २००३ ला घटनादुरुस्ती करून ते काढलं, आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर माफ. म्हणजे एकटा गेला तर आमदारकी जाते, घोळका करून गेला तर जात नाही.

याचं गणित बघायचं असेल तर गोव्यात बघा. मार्च २०१९ ला मगोपच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या ३ आमदारांपैकी २ जण मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले. ३ चे दोन तृतीयांश किती? २. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले. १५ चे दोन तृतीयांश? बरोब्बर १०. मग २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून. तिन्ही धर्मांचे साक्षीदार. निवडून आले ११. सप्टेंबर २०२२ ला त्यातले ८ भाजपमध्ये गेले, ११ चे दोन तृतीयांश काढले तर सात पॉइंट तेहतीस येतात म्हणजे ८ च लागतात, आणि ८ च गेले, एक जास्त नाही एक कमी नाही. त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना पत्रकारांनी त्या शपथेबद्दल विचारलं तर म्हणाले की मी देवाला विचारलं, देवाने सांगितलं तुला योग्य वाटेल ते कर. आता यावर निवेदन कोणाला द्यायचं सांगा. (मी गोव्यातल्या मैत्रिणीला फोन केला होता तेव्हा, ती म्हणाली आमचा देव फार समजूतदार आहे.)

२०१९ च्या दहा जणांविरुद्ध सभापतींकडे, म्हणजे विधानसभेच्या अध्यक्षांकडे अपात्रतेची याचिका होती (हा निर्णय तेच देतात), ती एप्रिल २०२१ मध्ये फेटाळली. मग हायकोर्टात गेले, तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सभापतींचाच निर्णय कायम राहिला, विधिमंडळ पक्षाचे, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांचे दोन तृतीयांश विलीन झाले की पुरे, मूळ पक्ष जागेवर असला तरी चालतं असा अर्थ निघाला. आणि तोवर ती विधानसभाच संपत आली होती, १४ फेब्रुवारीला मतदान पण होऊन गेलेलं. महाराष्ट्रात तर विलीनीकरण पण नाही, शिंदे गटाने आम्हीच मूळ पक्ष असं म्हटलं. जून २०२२ मधल्या अपात्रतेच्या याचिका, सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये अध्यक्षांना सांगितलं वाजवी वेळेत निर्णय घ्या, मग वाजवी म्हणजे किती यावर कोर्टाला परत चिडावं लागलं, मुदत द्यावी लागली, ती वाढवावी लागली, आणि १० जानेवारी २०२४ ला निर्णय आला की कोणीच अपात्र नाही. इकडचे पण नाही आणि तिकडचे पण नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीचं पण तसंच झालं. दहाव्या अनुसूचीत निर्णय किती दिवसांत द्यायचा हे लिहिलेलंच नाही, २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन महिने म्हटलं, आणि हे काम अध्यक्षांकडून काढून एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायचा संसदेने विचार करावा असंही म्हटलं. संसदेने अजून काही केलेलं नाही, कुठल्याही पक्षाने जोर लावलेला मला दिसला नाही, कारण घोळका आज आपल्याकडे येतोय की आपल्याकडून जातोय एवढाच फरक असतो.

आणि आपली निवेदन द्यायची पद्धत तर विचारूच नका. तहसीलदार साहेबांना निवेदन देताना अमुक अमुक, सोबत तमुक, असा फोटो पेपरात येतो, साहेब एका हाताने कागद धरून कॅमेऱ्याकडे बघतात. पोच घ्यायची, आवकचा शिक्का, नंबर, खाली "प्रत माहितीस्तव" म्हणून मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांची नावं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे तरी घेऊन जावं म्हटलं तर त्याच्या नियमात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची पाहिजे. लोकशाही दिनाला सामूहिक मागणी चालत नाही! हे वाचून मी एकटीच हसले. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, पण तिथे अर्ज साधारणपणे आमदाराच्या मार्फत जातो, म्हणजे आमदाराची तक्रार घेऊन आधी आमदारच गाठायचा.

तर मग निवेदन देऊच नये का? द्यावं. पण विश्वासघात करू नका असं नाही, काय करा ते लिहून. माझं म्हणणं एवढंच आहे की पक्ष सोडायचाय ना, सोड बाबा, खुशाल सोड, माणसाचं मत बदलू शकतं, पक्षाचं पण बदलतं. पण राजीनामा दे आणि नव्या चिन्हावर परत आमच्याकडे ये. हे काही माझं स्वप्न नाहीये, झालेलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्यात सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले ते आमदारकीचा राजीनामा देऊन, पोटनिवडणुका लागल्या आणि २०१९ मध्ये दोघंही निवडून आले, शिरोडकर तर अगदी थोडक्यात. लोकांनी चालेल म्हटलं, विषय संपला, त्यांना कोणी गद्दार म्हणायचं कारण नाही. आणि आमच्या साताऱ्यात उदयनराजेंनी २०१९ ला राष्ट्रवादीकडून निवडून आल्यावर काही महिन्यांतच खासदारकी सोडली, भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली, शरद पवार पावसात भिजत बोलले ती सभा तेव्हाचीच, आणि राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील निवडून आले. लोकांनी नाही चालणार म्हटलं. पुढे २०२४ ला त्याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपच्या चिन्हावर निवडून दिलं, ते पण ठीक. तिन्ही वेळा विचारलं तरी! कौल काय होता यावर टीव्हीवर महिनाभर भांडायची गरजच पडली नाही.

काही जण म्हणतात आमदार परत बोलवायचा हक्कच पाहिजे. मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये नगराध्यक्षांसाठी तशी तरतूद होती, तिथे मतपत्रिकेवर रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची अशी चित्रं असायची, आपल्या बाटलीसारखंच, आणि मध्य प्रदेशातल्या अनुपपूरला २००१ मध्ये लोकांनी खरंच खुर्ची रिकामी केली. पण सुरुवात तिथे नगरसेवकांच्या सह्यांनी व्हायची, मतदारांच्या नाही. आमदारांच्या बाबतीत मला याची भीती वाटते, हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून पैसे वाटून सह्या गोळा करेल. पक्षांतर केलं तर पोटनिवडणूक, एवढं पुरे, त्याला सह्या पण नकोत.

म्हणून काकांना मी रात्री निवेदनाचा दुसरा मसुदा पाठवलाय. दहाव्या अनुसूचीतला विलीनीकरणाचा चौथा परिच्छेद काढा, पक्ष सोडणाऱ्याची जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक झाली पाहिजे, कितीही जण गेले तरी. अपात्रतेच्या याचिकेवर तीन महिन्यांत निर्णय, आणि तो अध्यक्षांनी नाही. निवेदन सर्वपक्षीय नेतृत्वाला नाही तर आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना, नावाने, कारण घटनादुरुस्ती संसदेत होते, आणि त्यांनी यावर बाजूने की विरोधात ते लेखी कळवावं, आम्ही ते सोसायटीच्या बोर्डावर लावू. अजून एक, २०१३ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अपात्रतेसाठी अध्यक्षांकडे जायला आमदारच असावं लागतं असं नाही, संबंधित कोणीही व्यक्ती जाऊ शकते, तर पुढच्या वेळी घोळका निघाला की मतदार म्हणून आपण तिकडे अर्ज करायचा का हे एखाद्या वकिलाला विचारून ठेवू, आमच्या ए विंगमध्ये आहेत एक, मेंटेनन्स थकवतात पण माणूस हुशार आहे.

काकांचा सकाळी रिप्लाय आला, सगळं ठीक आहे पण यात तर आपले पण अडकतील. मी लिहिलं हो, अडकतील. दोन निळ्या टिका आल्या आहेत, अजून उत्तर नाही. सह्या मात्र कागदावर घ्यायच्या असं मी त्यांना परत कळवलंय, नाव, मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, म्हणजे कोणाला तपासायच्या असतील तर तपासता येतील. ईमेल आणि मोबाईल नंबर नको, नाहीतर कर्जाच्या ऑफरचे फोन सुरू होतात.